गंगेचा गाळ, देवीची माती

सप्तमीच्या पहाटे बंगालमधल्या दुर्गापूजेत केळीचं एक रोप आंघोळीला निघतं. पुढे ढाक वाजत असतो, मागून शंखाचा आवाज येतो, आणि पुरोहिताच्या खांद्यावर केळीच्या रोपाभोवती बांधलेली जुडी असते. त्या जुडीत नऊ वनस्पती असतात: केळ, कचू म्हणजे आपला अळू, हळद, जयंती, बेल, डाळिंब, अशोक, मानकचू आणि भाताची रोपं. पांढऱ्या अपराजितेच्या वेलीने हे सगळं बांधलेलं असतं. पाण्यात बुडवून काढल्यावर तिला लाल काठाची साडी नेसवतात, पदर डोक्यावरून पुढे ओढतात आणि मंडपात गणपतीशेजारी उभी करतात. पोरंटोरं तिला ‘कोलाबौ’, म्हणजे केळ-नवरी म्हणतात आणि गणपतीची बायको समजतात. शास्त्राप्रमाणे ती स्वतः दुर्गाच आहे, नवपत्रिका. मातीची मूर्ती येण्याआधीची देवी बहुधा हीच असावी, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

खड्याच्या गौरी ज्यांच्या घरी येतात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नदीवर किंवा पाणवठ्यावर जायचं, पाच किंवा सात खडे उचलायचे, मागे न बघता मुक्याने घरी आणायचे, आणि तिसऱ्या दिवशी ते परत पाण्यात सोडायचे. देवी पाण्यातून येते आणि पाण्यातच जाते. मधले तीन-चार दिवस ती आपल्याकडे पाहुणी असते. हा सगळा विधी एका गोष्टीवर उभा आहे: गावाजवळ पाणी असलं पाहिजे.

कोलकात्याच्या पूर्वेला असलेल्या सॉल्ट लेकमध्ये जवळजवळ प्रत्येक ब्लॉकची स्वतःची पूजा असते. सरळ आखलेले रस्ते, इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे ब्लॉक, मध्यभागी बाग असं हे नेटकं उपनगर आहे. नावात तळं आहे, तेही खारं. पण ते खारं तळं शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे असता. ज्या गाळाने ते बुजवलं तो हुगळीतून, म्हणजे गंगेतून आणलेला. कुमारटोलीचे मूर्तिकार देवी घडवतात तीही गंगेच्याच मातीची. एकाच नदीच्या गाळापासून एकीकडे देवी झाली आणि दुसरीकडे शहर झालं. देवी दरवर्षी पाण्याला परत दिली जाते. शहराचा गाळ मात्र तिथेच राहिला.

या भागाच्या इतिहासात आपली माणसं थोड्या वेगळ्या वाटेने येतात. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले. बंगाली आई आजही ज्या अंगाईत बाळाला बर्गी आल्याची भीती घालते, ते बर्गी म्हणजे हे आपले बारगीर. त्या वर्षी भास्करपंतांनी काटव्याजवळच्या दाँइहाट इथे थाटाने दुर्गापूजा मांडली. पूजा पुरी व्हायच्या आत, 27 सप्टेंबरच्या पहाटे, नवाब अलीवर्दी खानाने नदी ओलांडून छापा घातला आणि मराठ्यांना सगळं टाकून निघावं लागलं. त्याच धास्तीत कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो ‘मराठा खंदक’. मराठे कोलकात्यावर कधी आलेच नाहीत. खंदकही अर्धवट राहिला. 1799 मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधला गेला. पण जवळजवळ दोन पिढ्या शहराची पूर्वेकडची हद्द तो खंदक होता, आणि त्याच्या पलीकडे क्षितिजापर्यंत खारं पाणी पसरलेलं होतं.

त्या पाण्याला मराठीत अचूक शब्द आहे: खाजण. भरतीला समुद्राचं पाणी आत यायचं, ओहोटीला गाळ टाकून परत जायचं. सुंदरबनाचंच हे उत्तरेकडचं टोक. एकोणिसाव्या शतकात सियालदाजवळ खोदकाम करताना जमिनीत खोलवर सुंदरीच्या झाडांचे बुंधे मिळाले होते. एके काळी शहराच्या पोटापर्यंत खारफुटीचं जंगल होतं, त्याची ती खूण. त्या जंगलाची देवी बोनबीबी. मध गोळा करणारे, लाकूडतोडे, खेकडे धरणारे, हिंदू असोत की मुसलमान, तिला हात जोडल्याशिवाय जंगलात पाऊल टाकत नाहीत. तिचे नियम मोजके आहेत: लोभ धरू नये, गरजेपुरतंच घ्यावं, मन स्वच्छ ठेवून आत यावं. तिच्या कथेत हावरट व्यापारी धोना मधासाठी गरीब दुखेला वाघाच्या तोंडी देतो, आणि बोनबीबी त्या पोराला वाचवते. ही नुसती भाविकपणाची गोष्ट नाही. जंगलातून किती काढायचं याचा तो कायदा आहे, आणि तो मोडणाऱ्याला वाघाची शिक्षा आहे.

खाजणात भरती आणणाऱ्या नदीचं नाव विद्याधरी. आकाशात फिरणाऱ्या देवयोनीचं हे नाव. गंगेला घाट मिळाले, आरत्या मिळाल्या. विद्याधरीच्या वाट्याला कोलकात्याचं सांडपाणी आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज अभियंता विल्यम क्लार्क याने शहराखाली गटारं बांधली आणि सगळं मैलापाणी पूर्वेला वळवलं, कारण शहराचा उतार गंगेकडे नसून खाजणाकडे आहे. त्याच काळात कालवे काढले गेले, बांध घातले गेले, भरतीच्या पाण्याला पसरायला जागा कमी होत गेली. पाणी पसरलं नाही की वेग मंदावतो, आणि वेग मंदावला की गाळ नदीच्याच पात्रात बसतो. 1928 मध्ये विद्याधरी मृत झाल्याचं जाहीर झालं. नदीच्या मृत्यूची तारीख सरकारी कागदावर नोंदली जाते, हे मला पहिल्यांदा इथेच कळलं, आणि ते वाचून बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

मग जे घडलं ते कुठल्याही अभियंत्याने आखलेलं नव्हतं. भरती थांबल्यामुळे खाजणातलं पाणी गोडं होत गेलं, खाऱ्या पाण्यातले मासे संपले, आणि कोळ्यांच्या हाती उरलं शहराचं मैलापाणी. त्यांनी तेच वापरायला घेतलं. 1930च्या आसपास या भागात मैलापाण्यावरची मत्स्यशेती उभी राहिली. तिथल्या तळ्यांना भेडी म्हणतात. भेडीचं काम जवळून बघण्यासारखं आहे. हिवाळ्यात तळं उपसून तळ उन्हात तापवतात, चुना टाकतात. मग थोडं मैलापाणी सोडतात आणि काही दिवस नुसतं ऊन खाऊ देतात. पाणी कमरेएवढंच असतं, त्यामुळे ऊन तळापर्यंत पोचतं. शेवाळ वाढतं, ते प्राणवायू सोडतं, त्या प्राणवायूवर जिवाणू घाण खातात आणि त्यातून निघालेल्या खतावर शेवाळ आणखी वाढतं. पाणी हिरवं झालं की रोहू, कटला, मृगळ, तिलापिया यांची पिल्लं सोडतात. बांधाच्या कडेला जलपर्णीची पट्टी मुद्दाम राखतात. ती लाटांपासून बांध वाचवते आणि तेलकटपणा, जड धातू शोषून घेते. किती मैलापाणी सोडायचं ते भेडीवरचा माणूस पाण्याचा रंग बघून आणि वास घेऊन ठरवतो. आपल्याकडे जलपर्णी म्हटली की नगरपालिकेच्या डोक्याला ताप. इथे ती कामावर ठेवलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर कोलकात्यात फाळणीचे निर्वासित लोंढ्यांनी आले. शहराला जागा हवी होती, आणि नकाशावर पूर्वेला जागा दिसत होती. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी खाजण बुजवून नवं उपनगर वसवायचं ठरवलं. युगोस्लाव्हियाच्या ‘इव्हान मिलुटिनोविच’ कंपनीकडे भराव घालण्याचं काम गेलं, आणि नगररचना तिथल्याच दोब्रिवोये तोश्कोविच यांनी केली. 16 एप्रिल 1962 रोजी काम सुरू झालं. हुगळीच्या तळातला गाळ उपसायचा, पाण्यात कालवून त्याची पातळ पेज करायची आणि मोठ्या नळांतून शहराच्या पलीकडे खाजणात ओतायची. पाणी निथळून जाई, गाळ खाली बसे. डॉ. रॉय यांनी यातलं फारसं काही पाहिलं नाही. अडीच महिन्यांनी, 1 जुलैला, स्वतःच्या वाढदिवशीच ते गेले. पुढे उपनगराला त्यांचं नाव मिळालं: बिधाननगर. 1967च्या सुमारास भरावाचं मुख्य काम आटोपलं. 1972च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथेच भरलं, तेव्हा नव्या जमिनीवर अजून घरंही फारशी नव्हती.

हे काम करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला खाजण दाखवून थांब म्हणता येत नाही. पण भेड्यांवर जगणारी कुटुंबं कुठे गेली, याचा उल्लेख उपनगराच्या गौरवग्रंथांत शोधावा लागतो.

योगायोग असा की 1967च्या मार्चमध्येच अमेरिकेत ‘सायन्स’ या नियतकालिकात इतिहासकार लिन व्हाइट यांचा निबंध छापून आला. पर्यावरणाच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, माणूस सृष्टीचा मालक आहे या शिकवणुकीत आहेत, असा त्यांचा आरोप होता. त्यावर उतारा म्हणून त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसचं नाव पुढे केलं. त्यानंतर धर्म आणि पर्यावरण हा जगभर चर्चेचा विषय झाला. 1986 मध्ये असिसीतच जागतिक वन्यजीव निधीने पाच धर्मांच्या प्रतिनिधींना बोलावलं. हिंदू धर्माचं निवेदन डॉ. करण सिंह यांनी मांडलं. सृष्टीत देव पाहणारी आपली परंपरा निसर्गाला जपते, असं त्या काळात पूर्वेकडचे लोक अभिमानाने सांगत. अभिमान खोटा नव्हता. पण विद्याधरी याच भूमीवर, गंगेला आई म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मेली होती. एका नदीला देवी मानलं म्हणून शेजारची वाचत नाही. श्रद्धेला हिशेब करणारा कोणी तरी जोडीला लागतो.

सॉल्ट लेकच्या बाबतीत तो माणूस होता ध्रुबज्योती घोष. राज्य सरकारच्या सेवेतले सांडपाण्याचे अभियंते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या मैलापाण्याचं काय होतं ते शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. इतर मोठ्या शहरांत कोट्यवधी रुपयांची शुद्धीकरण केंद्रं लागतात, मग कोलकाता त्यांच्याशिवाय कसं चालतं, हा प्रश्न होता. ते कालव्याच्या कडेने चालत गेले आणि भेड्यांपाशी पोचले. तिथे त्यांना दिसलं की कोलकात्याचं शुद्धीकरण केंद्र कधीच बांधून झालेलं आहे, आणि ते चालवणाऱ्यांपैकी अनेकांना सही करता येत नाही. घोष यांनी उरलेल्या सगळ्या पाणथळीचा नकाशा काढला. सुमारे 12,500 हेक्टर. सॉल्ट लेकचा भराव जिथे थांबला होता, त्याच्या पलीकडे उरलेलं ते खाजण.

तो नकाशा दहा वर्षांत कामाला आला. 1990च्या सुमारास सरकारने पाणथळीचा आणखी तुकडा बुजवून तिथे जागतिक व्यापार केंद्र उभारायचं ठरवलं. ‘पब्लिक’ या नागरिकांच्या संघटनेने कोलकाता उच्च न्यायालयात धाव घेतली. 1992 मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी निकाल दिला की नकाशातल्या पाणथळीचा वापर बदलता येणार नाही, भराव घालता येणार नाही. 19 ऑगस्ट 2002 रोजी ‘पूर्व कोलकाता पाणथळ’ आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली आणि 2006 मध्ये राज्याने तिच्यासाठी वेगळा कायदा केला. कायदा आहे म्हणून अतिक्रमण थांबलं असं नाही. घोष 2018 मध्ये गेले, आणि अखेरच्या वर्षांतही ते याच चिंतेत होते.

आता परत देवीकडे येऊ, कारण तिच्यामुळेच पुढचा पेच उभा राहिला.

मूर्ती करण्याची बंगाली रीत मुळात पाण्याला जाच न करणारी आहे. लाकूड-बांबूचा सांगाडा, त्याला काठामो म्हणतात. त्यावर भाताच्या पेंढ्याचं शरीर बांधतात, वर चिकणमाती, मग बारीक माती, मग रंग. जुन्या जमीनदारांच्या वाड्यांत काठामो पिढ्यानपिढ्या तोच राहतो. विसर्जनात माती विरघळते, पेंढा सुटतो आणि सांगाडा पाण्यातून परत घरी येतो. सार्वजनिक पूजांच्या वेळी घाटावर पोहणारी पोरं पाण्यात उड्या टाकतात आणि तरंगणारे सांगाडे ओढून आणतात. ते परत कुमारटोलीत विकले जातात. प्लॅस्टर ऑफ पॅरिसने आपल्याकडच्या गणेशमूर्तींचा जसा ताबा घेतला तसा तो बंगालमध्ये घेऊ शकला नाही. शाडूची मूर्ती घरी आणणं ही पुण्या-मुंबईत आज चळवळ आहे. कोलकात्यात मातीची देवी कधी सुटलीच नाही.

बिघडलं ते रंगात. झळाळी हवी म्हणून शिसं असलेले तकतकीत रंग आले, थर्मोकोलची सजावट आली, प्लॅस्टिकचे हार आले, आणि मूर्तींची संख्या व उंची वाढत गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मे 2020 मधल्या सुधारणेत प्लॅस्टरवर बंदी आली. पश्चिम बंगालच्या प्रदूषण मंडळाने मूर्तिकारांना शिसंविरहित रंग पुरवले. महानगरपालिकेने घाटांवर क्रेन उभ्या केल्या. मूर्ती पाण्यात गेली की लगेच उचलून बाहेर. फुलं आणि निर्माल्य आधीच वेगळ्या कुंडांत घेतलं जातं. अलीकडे काही मंडळांनी मूर्ती नदीवर नेलीच नाही. मंडपाजवळच पाण्याच्या फवाऱ्याने ती विरघळवली आणि माती खाली जमवून घेतली. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सहा फुटांपर्यंतच्या प्लॅस्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं, तोही याच वाटेवरचा टप्पा.

हे सगळीकडे सुखाने झालं नाही. दक्षिण कोलकात्यातल्या रवींद्र सरोवरात छठपूजेला राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली होती. 2019च्या नोव्हेंबरात भाविकांनी दरवाजे तोडले आणि आत शिरले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही सवलत दिली नाही. दरवाजे तोडणाऱ्यांवर कोलकात्यात फार टीका झाली. मला त्यांच्याविषयी दोन गोष्टी एकाच वेळी वाटतात. तलाव वाचलाच पाहिजे, यात शंका नाही. पण मावळत्या सूर्याला पाण्यात उभं राहून अर्घ्य देणाऱ्या माणसांसाठी शहरात पाणीच उरलं नसेल, तर ती जिथे पाणी दिसेल तिथे जाणारच. ज्या खाजणावर आपण ब्लॉक आखले, रस्ते काढले, बागा केल्या, तिथे पाणी होतं. आज आपण त्यांना उरलेल्या थेंबभर पाण्यापासून दूर ठेवतो.

अशा वादात ‘धर्म विरुद्ध पर्यावरण’ असा मथळा लगेच तयार होतो. सॉल्ट लेकचा इतिहास वाचल्यावर मला तो पटत नाही. भरावाचं काम धर्माने केलं नाही, गटारं धर्माने विद्याधरीत सोडली नाहीत. तशीच पाणथळ वाचवली तीही धर्माने नाही. ती कोळ्यांच्या नजरेने, एका अभियंत्याच्या नकाशाने आणि एका न्यायमूर्तींच्या निकालाने वाचली. धर्माकडे होती ती एक सवय: नदीकडून जे घ्यायचं ते मोजून घ्यायचं आणि ठरल्या दिवशी परत करायचं. नवपत्रिकेत पाणथळीचा अळू आहे, शेतातला भात आहे. ही सवय शहर बांधणाऱ्यांच्या वहीत उतरली नाही, आणि भाविकांनीही ती मूर्तीपुरतीच सांभाळली.

रथयात्रेच्या दिवशी, आषाढात, काठामोची पूजा होते. पाऊस सुरू झालेला असतो. वाड्याच्या ठाकूरदालानात, म्हणजे पूजेच्या ओसरीत, गेल्या वर्षी पाण्यातून परत आलेला सांगाडा टेकवून ठेवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या पाण्याने त्याचं लाकूड काळं पडलेलं आहे आणि जुन्या सुतळीचे वळ त्यावर उमटलेले आहेत. पुरोहित त्याला गंध लावतो, फूल वाहतो. मग कारागीर पेंढ्याची पहिली मूठ बांधतो, बादलीत हात घालतो आणि गंगेच्या गाळाचा पहिला गोळा त्यावर थापतो.